दादाचा जळता बर्फ

दादा, आज मंगळवार. सकाळी नेहमीसारखी उठले आणि तुझी पिशवी भरायला लागले. चादर, डॉक्टरांची फाईल, घसा कोरडा पडला तर चघळायला लिमलेटच्या गोळ्या. चेन लावली आणि मग लक्षात आलं की आज कुठं जायचंच नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार, हे तीन वार आपल्या घरात इतके मुरलेत की हात आपोआप चालतात. पिशवी मांडीवर घेऊन कॉटवर बसून राहिले. रडू आलं नाही. खरं सांगू? आधी बरं वाटलं, पाठ टेकायला मिळेल म्हणून. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं, आणि थोड्या वेळानं त्याचाही कंटाळा आला.

तेवढ्यात खाली रिक्षाचा हॉर्न. गॅलरीतून बघितलं तर रशीदभाई. डायलिसिसला तुला न्यायचे-आणायचे तेच. वर बघून म्हणाले, "आदत से आ गया मैं, बाई. गल्ली में मुड़े बाद याद आया." मी त्यांना वर बोलावलं. चहा केला. जाताना त्यांनी विचारलं, "साब का वो बरफ, सच्ची में जलता था क्या?" मी हो म्हटलं. "मैं उनको झूठा बोला था एक बार," म्हणाले, आणि चपला घालून गेले.

लोक येतायत. कॉलेजातले, पेठेतले, आपल्या गावाकडचे. सगळे एकच विचारतात, सर शेवटी काय बोलले? तू बोललास, "नंदे, पंखा कमी कर." आता हे काय सांगायचं लोकांना? मी सांगते, झोपेत गेले. ते हात जोडतात आणि भाग्यवान म्हणतात. तुझं कसलं भाग्य आणि कसलं काय. दुपारी मी स्वयंपाकघरात ज्वारीचं पीठ चाळत होते, पंखा कमी केला, परत येऊन बघते तर तू गेलेला. एवढंच झालं.

तुझे विद्यार्थी तुला बर्फवाले सर म्हणायचे, हे तुला माहीत होतं आणि आवडायचंही. मेंढरामागं फिरणाऱ्या माणसाचा मुलगा सोलापुरात भूगर्भशास्त्र शिकला, संशोधनाच्या जहाजावर बंगालच्या उपसागरात गेला, समुद्राच्या तळातून वर काढलेला गाळ हातात घेऊन आला आणि पुढचं सगळं आयुष्य त्या गाळातल्या एका पांढऱ्या तुकड्याबद्दल बोलत राहिला. मी तुझी धाकटी बहीण. अकलूजजवळच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. त्यामुळे तुझं सगळं ऐकून घेण्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

जहाजावरून पहिल्यांदा घरी आलास तो दिवस मला आठवतो. आपलं माळशिरसजवळचं वाडीतलं घर. आबा तेव्हा होते. आई गोबरगॅसवर भाकरी करत होती. तू चुलीपुढं बसलास आणि निळ्या जाळाकडं बोट दाखवून म्हणालास, "आई, ह्योच गॅस हाय बघ तितं. समुद्राच्या तळाला."

"शेणाचा गॅस समुद्रात कशाला जाईल?"

"शेणाचा न्हवं गं. गाळात मेलेलं, कुजलेलं सगळं असतंय. ते बारीक जंतू खात्यात आन् हाच वायू सोडत्यात. मिथेन. आपली मेंढरं ढेकर देत्यात त्यात बी ह्योच."

आबा हसले. "म्हंजी आमची मेंढरं बी तुज्या कामाची."

मग तू त्यांना समजावून सांगितलंस. समुद्राच्या तळाशी थंडी असते आणि वरच्या पाण्याचा प्रचंड दाब असतो. हे दोन्ही एकत्र आले की गाळातल्या पाण्याचे कण साध्या बर्फासारखे गोठत नाहीत. ते एकमेकांना धरून बारीक बारीक खोल्या बांधतात. काही खोल्यांना पाच कोनांच्या बारा भिंती, काहींना त्या बारा आणि वर सहा कोनांच्या आणखी दोन. आणि खोलीत एक-एक मिथेनचा कण. त्याला कुणी बांधलेलं नसतं, भिंतीशी त्याचं रासायनिक नातं नसतं. तो नुसता आत असतो. पण तो आत असतो म्हणूनच भिंती उभ्या राहतात.

आबांना कळावं म्हणून तू म्हणालास, "वाघर असती न्हवं आपली, मेंढरं कोंडायची जाळी? तशी पाण्याची वाघर. आत एकेक मेंढरू."

"आन् वाघर काढली की?"

"मेंढरं पळाली. आन् मोकळी झाली की दीडशेपटीच्या वर जागा लागती त्यांना."

मी मध्येच बोलले. वाघर काही मेंढरं गेली म्हणून पडत नाही, ती तशीच उभी राहते. तुझं उदाहरण चुकलं. तू चिडलास. मग पिंजरा म्हण, मी म्हटलं. पिंजराही पक्षी उडाला तरी राहतोच, तू म्हणालास. त्या दिवसापासून आपण शब्द शोधत होतो. तुला मराठीत या विषयावर लिहायचं होतं आणि हायड्रेट हा शब्द तुला परका वाटायचा. मी फोनवर एखादा शब्द सुचवायचे, तू मोडीत काढायचास. परवा एका बाईंनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, माणूस गेलं की घर पडतं गं. मला तुझ्या त्या खोल्या आठवल्या. पण हे घर काही पडलेलं नाही, दादा. सगळं जागच्या जागी आहे. नळाला पाणी येतं, दूधवाला येतो, तुझं टेबल पुसावं लागतं.

जहाजावरची गोष्ट तू इतक्यांदा सांगितलीस की मला ती स्वतः बघितल्यासारखी वाटते. लांब नळीतून तळाचा गाळ वर आला. काळपट हिरवा, चिकट, आणि त्यात मध्येमध्ये पांढऱ्या शिरा. तो वर येताच दाब सुटतो, ऊब लागते, आणि तुकडा वितळायला लागतो. फोडणीत मोहरी टाकल्यासारखा चुरचुरतो. नियम असा होता की तो लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकायचा, नाहीतर हातातून वायू होऊन निघून जातो. तू हातमोज्यात तो जरा जास्त वेळ धरलास. वरिष्ठ ओरडले. तू म्हणायचास, "ओरडू दे. इतकी वर्षं पुस्तकात वाचलेली गोष्ट माझ्या हातात कुरकुरत होती."

आणि मग आपलं कायमचं भांडण. तू म्हणायचास, हे वर काढलं पाहिजे. आपल्या किनाऱ्यालगत एवढा साठा आहे आणि आपण बाहेरून गॅस आणतो. मी म्हणायचे, राहू दे तिथंच. काढता काढता निसटला तर? मिथेन हवेत गेला की कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त ऊन धरून ठेवतो. सोलापुरात अजून किती ऊन पाहिजे तुला? तळाचा गाळ त्या बर्फानं धरून ठेवलेला असतो, तो काढला आणि तळच घसरला तर? तू म्हणायचास, साखर कारखान्यातल्या बाईनं घाबरू नये. मी म्हणायचे, साखर कारखान्यातल्या बाईला उतू गेलेलं दिसतं. दिवाळीत, लग्नात, आबांच्या तेराव्यालासुद्धा आपण यावर भांडलोय. आई भाकरी थापत म्हणायची, "त्या समुद्राला इचारा की एकदा."

मग तुझा आजार आला. आधी नुसती साखर, मग मूत्रपिंडं. तू लग्न केलेलं नव्हतंस, तुझ्याजवळ कुणी नव्हतं. मी नोकरी सोडून सोलापुरात आले. माझ्या घरच्यांनी जा म्हटलं, एवढं सोपं होतं ते. बाकी काही सोपं नव्हतं.

पाणी प्यायची बंदी सगळ्यात वाईट. आयुष्यभर पाण्याचा अभ्यास केलेल्या माणसाला एप्रिलच्या उन्हात घोटघोट मोजून द्यायचं. मीठ नाही, शेंगाचटणी नाही, आमटी नाही. डाव्या हातावर सुया टोचून टोचून गाठी आलेल्या, त्यावर बोट ठेवलं की आतली शीर मोटारीसारखी घरघरायची. पाण्यापेक्षा बर्फाचा खडा बरा, म्हणायचास, जास्त वेळ पुरतो. मी बर्फ फोडून तुला एकेक खडा द्यायचे. तू डोळे मिटून तो गालात धरायचास. डायलिसिसहून आल्यावर तू गळून जायचास आणि मीही. दोघं दोन खोल्यांत पडून राहायचो. संध्याकाळी शेजारच्या यंत्रमागांचा आवाज थांबला की कळायचं, दिवस गेला.

त्या दिवसांत मी तुला न विचारता जाऊन तपासण्या करून आले. रक्तगट जुळला. पुढच्याही तपासण्या जुळत गेल्या. डॉक्टर म्हणाले, सख्ख्या बहिणीचं मूत्रपिंड, प्रकृतीही चांगली आहे, विचार करायला हरकत नाही. मी आनंदानं घरी आले आणि तुला सांगितलं. तू तोंडातला बर्फ बशीत काढून ठेवलास.

"तुला कुणी सांगितलं होतं हे?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे?"

"नंदे, जे जिथं स्थिर आहे ते तिथून हलवू नये."

मला इतका राग आला. "दादा, तुझ्या समुद्रातलं माझ्या पोटाला लावू नकोस. आणि समुद्राच्या वेळी तर तू काढा म्हणत होतास."

तू हसलास. मी हसले नाही. "मग समुद्रातलंही राहू द्या म्हणतोस का आता?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"तिथं थोडं काढायचं, थांबायचं, बघायचं. बिघडतंय वाटलं तर बंद करायचं. तुझ्यातलं एकदा काढलं की परत ठेवता येत नाही."

"मला परत नकोच आहे ते."

"मला नकोय घ्यायला," तू म्हणालास. "माझ्यापुढं तुला ताट वाढताना बघतो मी. त्यात आणि हे. नाही जमायचं मला."

मी आईला मध्ये घातलं. आई फोनवर म्हणाली, "दोगं बी माजीच. मी कुणाचं काढू आन् कुणाला लावू सांगू?" त्यानंतर मी तिला पुन्हा विचारलं नाही. तुला मात्र विचारत राहिले. दर थोड्या दिवसांनी. तू दर वेळी विषय बदललास. वय झालं म्हणालास, साखर आहे म्हणालास, टिकणार नाही म्हणालास. डॉक्टरांनी यातलं काहीच ठामपणे सांगितलेलं नव्हतं.

माझ्याकडे अजून दोन्ही आहेत, दादा. नीट चालतात. मी तहान लागली की तांब्याभर पाणी पिते, आणि पिताना ती आहेत हे मला कळतं. पूर्वी कधी कळत नव्हतं. तू माझ्यावर माया केलीस की मला नाकारलंस, हे माझं ठरलेलं नाही. तुझ्याशी भांडून ठरवणार होते. आता एकटीनं कसं ठरवायचं?

पण आई सोलापूरला आली होती तो दिवस चांगला गेला. डायलिसिसचा दिवस नव्हता, तुला जरा हुशारी होती. तुझ्या डोक्यात आलं की आईला तो बर्फ दाखवायचा. मिथेनचा घरी होत नाही, त्याला समुद्राखालचा दाब पाहिजे. पण टीएचएफ नावाचा एक द्रव असतो, ईथरसारख्या वासाचा. तो पाण्यात ठरावीक प्रमाणात मिसळला तर दाब न देताच तशाच खोल्या बांधल्या जातात, साध्या पाण्याच्या आधी, शून्याच्या चार अंश वर. तू कॉलेजातून छोटी बाटली मागवून घेतलीस. फ्रिजमध्ये ठेवायला निघालास तेव्हा मी हात धरला. आत ठिणगी पडली तर बर्फ राहील बाजूला, फ्लॅट जळेल. मग आपण रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणली, फोडली, थर्माकोलच्या खोक्यात पाण्याबरोबर भरली आणि त्यात दोन नळ्या उभ्या केल्या. एकीत साधं पाणी, एकीत तुझं द्रावण.

बसलो वाट बघत. काही होईना. तू हिरमुसलास. प्रमाण चुकलं बहुतेक, म्हणालास. मी म्हटलं, थांब. साखरेच्या पाकात दाणा धरत नाही तेव्हा आम्ही त्याला बी देतो. काचेची कांडी घाल आणि आतून घास. तू घासलीस. आणि बघता बघता ती नळी खालून वर पांढरी होत गेली, दूध चढल्यासारखी. शेजारचं पाणी पाणीच. तू माझ्याकडं बघितलंस. तुझ्या डोळ्यांत जहाजावरचा मुलगा होता.

गॅलरीत स्टीलच्या ताटलीत तुकडा काढला आणि काडी लावली. आई पदर नाकाला लावून लांब उभी. बर्फ पेटला. वरून जाळ, खालून पाणी गळतंय.

"आगं बया," आई म्हणाली. "जळतंय बी आन् गळतंय बी."

"खोटं वाटत हुतं न्हवं तुला?"

"वाटत हुतं की. एवढी वरसं तू बोलतुयास, आमी म्हणायचो, पोरगं शिकून येडं झालं." मग वाकून बघत म्हणाली, "ह्याच्यावर च्या हुईल का?"

तू इतका हसलास की तुला खोकला आला. मी तुला बर्फाचा खडा द्यायला धावले, साध्या बर्फाचा, आणि तू म्हणालास, "बघून दे गं, नाहीतर मी पेटायचो."

नळीतला उरलेला बर्फ तू वितळू दिलास आणि नळी पुन्हा खोक्यात ठेवलीस. या वेळी कांडी न घासता पटकन गोठला. मी विचारलं, असं कसं? तू सांगितलंस की असं होतं. एकदा असं गोठून वितळलेलं पाणी दुसऱ्यांदा लवकर गोठतं. काही जण म्हणतात जुनी मांडणी थोडी शिल्लक राहते, काही म्हणतात बारीक बुडबुडे राहतात. ठरलेलं नाही. मी म्हटलं, म्हणजे पाण्याला आठवण असते. तू बोट उगारलंस. "नंदे, असलं बोलू नकोस. पाण्याला आठवण नसते. तू कुठंतरी लिहिशील आणि लोक मला विचारतील." बघ, लिहिलंच. आता तुला कुणी विचारायला येणार नाही.

त्या दिवसाबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. पिशवी, फाईल, सुया, वजनकाटा यांच्या मध्ये एक दुपार तू मला परत बहीण करून दिलीस. बाकी वेळ मी तुझी नर्स होते आणि तू माझा कंटाळा. हे वाचून रागावू नकोस, तूही मला एकदा तसंच म्हणाला होतास.

रविवारी राख सावडली. आईला अकलूजलाच सोडायची होती, नीरेत. मी म्हटलं, दादाला समुद्र आवडायचा, कुणालातरी पाठवू या समुद्राकडं. आई ऐकेना. वाकलेली, काठी टेकत पाण्याच्या कडेपर्यंत आली. राखेची पिशवी मी धरली, गाठ तिनं सोडली. पाणी फार नव्हतं. राख पाण्यावर जरा वेळ फिरली, मग दगडांना वळसा घालून निघाली.

आई म्हणाली, "समुद्राकडंच चाललाय त्यो."

"आई, कुठं समुद्र आणि कुठं आपण."

"मला सांगितलंया त्यानं. आपला वढा नीरेत, नीरा भीमेत, भीमा कृष्णेत. आन् कृष्णा तितंच जाती, जितं त्यो जहाजावर हुता. आपल्या रानातली माती बी तितंच जाऊन बसलीया म्हणायचा. तुला न्हाय बोलला?"

नाही बोलला, दादा. मला एवढं सगळं सांगितलंस, हे नाही सांगितलंस. मी तिच्याजवळ खडकावर बसले. वाटेत किती बंधारे, किती धरणं, कर्नाटकात, तेलंगणात, आंध्रात. कुठल्या तरी भिंतीआड गाळात बसेल सगळं. मी केमिस्ट, मला हे माहीत. तोंडापर्यंत आलं होतं, पण म्हटलं, कशाला.

आईनं माझ्याकडं बघितलं. "धरणं लागत्याल मधी, मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "जाईल की थांबत थांबत. आता त्याला कसली घाई हाय?"

मग माझा हात धरून म्हणाली, "ऊठ आता. तू बी दमलीस. घरी चल, जरा नीज."